माया

टेपला दोन बाजू असतात, हे मी विसरलेच होते.
सव्वीस वर्षं इंचांचीच बाजू वर.
सीपीआरच्या शिबिरात त्या पोरसवदा नर्सचा टेप तुटला,
तिनं माझ्याच पिशवीतला मागून घेतला
आणि उलटा करून माझ्या कमरेला गुंडाळला.

श्वास सोडा मावशी, म्हणाली.
मीही हेच सांगते गिऱ्हाइकांना.
कोणी सोडत नाही. मीही नाही सोडला.

सत्त्याण्णव.

ऐंशीच्या आत पाहिजे, डॉक्टर म्हणाले.
बाहेरदेशी अठ्ठ्याऐंशीपर्यंत चालवून घेतात,
आपल्याकडं नाही, आपल्या बायकांचं सगळं आधी पोटावर येतं.
ऐंशी म्हणजे साडेएकतीस.
साडेएकतीसची कंबर मी कापते ती फक्त लग्नसराईत,
आणि तीही पहिल्या वर्षापुरतीच.

सोमवारी रिपोर्ट आला. पाच रकाने, चारांवर खूण.
तीन झाल्या तरी पुरे असतात म्हणे.
हे दुखणं एकटं येत नाही,
कंबर, दाब, साखर, चरबी,
भिशीच्या बायकांसारखं जमून येतं,
आणि चिठ्ठी कुणाच्या नावाची निघेल,
काळजाच्या, मेंदूच्या, की मूत्रपिंडाच्या,
ते आधी सांगता येत नाही.
पण दुखत तर काहीच नाही, मी म्हटलं.
तेच तर, म्हणाले.

रात्री वह्या काढल्या.
पद्मजा उपाध्ये, राजारामपुरी सहावी गल्ली:
बत्तीस, चौतीस, साडेछत्तीस, चाळीस.
त्यापुढं सुनेचा निरोप, माझ्याच अक्षरात:
हुक नकोत, चिकटपट्टी लावा,
डावा हात चालत नाही.

बिल्किस बागवान: एकेचाळीस.
मग दोन वर्षं काही नाही. मग एकदम चौतीस.
काय छान बारीक झालीस गं, म्हटलं होतं मी.
ती नुसती हसली होती,
आणि पाणी मागितलं होतं, दोनदा.

आणि माना.
मागचा गळा खोल घेताना
किती मानांवर पाहिली ती काळपट वळी,
हाताला मखमलीसारखी.
बेसन लाव, लिंबू चोळ, सगळ्यांना सांगत सुटले.
तो मळ नव्हता.

आमच्यात शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात,
त्याला माया म्हणतात.
दर दिवाळीच्या तोंडाला बायका यायच्या,
रत्नमाला, एक शिवण उसव गं, दंडात रुततंय.
वीस रुपये.
मी उसवत गेले. का, ते कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

माझंही तेच.
अकरा वाजता ऑर्डर संपवून उभ्याउभ्या खायचं,
पोरांच्या ताटातलं, पातेल्याच्या तळाचं,
टाकायचं कसं म्हणून.
पूर्वी पायानं मशीन चालवायचे, रोज किती कोस झाले असतील!
मग थोरल्यानं पहिल्या पगारात मोटर बसवून दिली.
आई, आता आराम कर.
त्या दिवसापासून पाय बसले ते बसलेच.
त्याला हे सांगणार नाही मी.

मोटरचा पट्टा काढून ठेवलाय. गुडघे बोलतात.
चौगुलेबाईंची ऑर्डर चार दिवस मागं पडली,
त्या रागावून गेल्या.
भात एक मूठ कमी केला, तो कुत्र्याला जातो,
आणि परवा भिशीत दोन खाजे खाल्ले, खोटं कशाला बोलू?

आज शेजारची श्रेया आली,
सोळाची असेल, कॉलेजात साडी दिवस आहे तिच्या.
वेणी बाजूला घे म्हटलं, माप घेते.
तिनं वेणी पुढं घेतली.

बेसन म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
टेप उलटा केला.

काकी, काय बघताय एवढं?
आईला घेऊन ये, म्हटलं. उद्याच.
आणि ब्लाउज?
ब्लाउज होईल गं.